भट्टीच्या वाटेवरचा फणस

दिनांक 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले आणि जाता जाता वसईतील कितीतरी वाड्या आडव्या करून गेले. केळी तर झोपल्याच. पण चर्चच्या आवारातील जुना फणसही मुळासकट उन्मळला. वारा ओसरल्यावर आम्ही बाहेर येऊन पाहतो तो बुंधा कुंपणावर रेललेला आणि फणस चिखलात विखुरलेले.

ते दिवस कोविडच्या दुसऱ्या लाटेचे होते. एका अंत्यविधीहून परतावे तो दुसऱ्याचा निरोप आलेला असे. झाडाचा विचार करण्याइतके मन आमच्यापाशी उरले नव्हते. ‘बेकरीच्या भट्टीला देऊन टाका,’ असे गड्यांना सांगून आम्ही मोकळे झालो. फांद्यांची पहिली खेप गेलीदेखील.

दुसऱ्या खेपेसाठी टेम्पो आला, तेव्हा शेजारच्या वाडीतील एक आजी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. हे झाड त्यांच्या यजमानांनी तरुणपणी लावलेले. महिन्यापूर्वीच, मोजक्या चार माणसांच्या उपस्थितीत, आम्ही त्यांना मूठमाती दिली होती. आजी म्हणाल्या, “फादर, जाळायचं तर जाळा. पण त्यांच्या हातचं काहीतरी राहू द्या.” आम्हांला उत्तर सुचले नाही. टेम्पो रिकामा परत पाठविला.

लाकूड राहिले, पण ते द्यायचे कुणाच्या हाती? आमच्या सुतारकाकांनी ओंडके उलटेपालटे करून पाहिले. “लाकूड टिकाऊ आहे, फादर, पण एवढ्याशा वाकड्या तुकड्यांतून फळ्या निघायच्या नाहीत. याला कातारी पाहिजे.” पाळण्याचे खांब, लाटणी, ताकाची रवी, मुलांचे भोवरे ज्याच्या हातून उतरत, तो कातारी! हा शब्दच आमच्या बोलण्यातून कधी गळून पडला, ते कळले नव्हते.

सेमिनरीतील आमचे एक सोबती सिंधुदुर्गात सेवा करतात. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सावंतवाडीच्या चितार आळीतील एका वृद्ध कारागिराशी त्यांनी फोनवर गाठ घालून दिली. ते म्हणाले, “लाकूड इतक्या लांब पाठवू नका, कातारी जवळपास शोधा. पण आजच्या आज ओंडक्यांची तोंडं बंद करा.” ओले लाकूड टोकांकडून झपाट्याने सुकते. ते वलयांच्या दिशेने अधिक आणि गाभ्याच्या दिशेने कमी आकसते. म्हणून अखंड गोल ओंडका गाभ्यापासून सालीपर्यंत तडकतो. तो गाभ्यातून उभा चिरावा, टोकांना मेण फासावे आणि जमिनीपासून उंच, सावलीत रचून ठेवावा, एवढाच उपाय. मेणाची चर्चमध्ये वाण नव्हती! वेदीवरील मेणबत्त्यांची थोटके वितळवून आम्ही त्याच संध्याकाळी कामाला लागलो. तथापि तीन आठवडे वाया गेले होते. निम्मे ओंडके आधीच तडकले होते. त्यांना अखेर भट्टीचीच वाट धरावी लागली.

पाळणे विकणाऱ्या एका दुकानदाराकडून पत्ता मिळाला आणि विरारच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्हांला आमचा कातारी भेटला. त्याने ओला तुकडा लेथवर चढविला, पटाशी टेकविली आणि हळदीसारख्या पिवळ्या ढलप्यांचा पाऊस पडू लागला. दहा इंचांच्या वाडग्याला त्याने इंचभर जाड कड ठेवली. “आता आठ-नऊ महिने विसरा,” तो म्हणाला. सुकताना वाडगा लंबगोल होतो. मग तो पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा. जाड कड असते ती त्यासाठी. तंजावरची वीणा याच फणसाच्या लाकडाची, हे सांगताना त्याचा चेहरा उजळला. त्याचा मुलगा मात्र घरोघर पार्सले पोहोचवितो. शेडमध्ये दुसरा हात नाही.

प्रिय वाचकहो, आपल्या वाडीत झाड पडले किंवा पाडावे लागले, तर कुऱ्हाडवाल्याबरोबर कातारीचाही शोध घ्या, आणि तो पहिल्याच आठवड्यात घ्या. लाकूड आपल्यासाठी थांबत नाही. कातारीही फार काळ थांबतील, असे वाटत नाही.

2022 च्या ईस्टरला वेदीवर फणसाचे दोन दीपस्तंभ उभे राहिले. एक वाडगा आम्ही आजींच्या घरी नेऊन दिला. त्याचा पिवळा रंग आता मधासारखा गडद झाला आहे. आजी त्यात जपमाळ ठेवतात आणि हंगामात आठळ्या. त्या दिवशी वाडग्यावरून हात फिरवीत त्यांनी विचारले, “आणि त्या फांद्या?”

आम्ही खरे ते सांगितले.

आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “असू द्या, फादर. पाव चांगला भाजला असेल.”