लांबलचक शब्दांची भीती कशाला?

आम्ही सुरतचे मराठी. घरात मराठी, बाजारात गुजराती, कामावर हिंदी. तिन्ही भाषा आमच्या जिभेवर सहज खेळतात. इंग्रजीचा लांबलचक शब्द समोर आला की मात्र वर्गातील हुशार मुलेही गप्प होतात, हात वर करायला बिचकतात.

खरे तर शब्द फोडला की सोपा होतो. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘सिंथेसिस’ म्हणजे जुळणी. फोटोसिंथेसिस म्हणजे आपले प्रकाशसंश्लेषण. संधी-समास सोडवणाऱ्यांना हे काय अवघड?

‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस’ हा ४५ अक्षरांचा इंग्रजी शब्द मुले गंमत म्हणून पाठ करतात. १९३५ च्या सुमारास तो मुद्दाम लांब व्हावा म्हणूनच घडवला गेला. अर्थ असा : ज्वालामुखीतील अतिसूक्ष्म सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा रोग. आपल्या गुजरातेत जागृत ज्वालामुखी नाही, पण सिलिकोसिस आहे. आपल्याच गुजरातेत, खंभातला अकीक घासणारे कारागीर दगडाची धूळ श्वासात जाऊन या रोगाला बळी पडले आहेत. अर्थ कळला की गंमत संपते आणि जाणीव सुरू होते.

१८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग पुढे याच सुरतेत इंग्रजी शाळेत शिक्षक होते. मराठी पक्की असली की इंग्रजी अडत नाही, याचे आणखी कोणते उदाहरण हवे?

तेव्हा विद्यार्थीमित्रांनो, शब्द पाठ करण्याआधी अर्थ विचारा. पालकांनी विचारू द्यावे, आणि विश्वस्तांनी प्रत्येक वर्गात एक इंग्रजी-मराठी शब्दकोश ठेवावा, एवढीच आमची विनंती.