टॅक्सीवाल्याचं घर कुठल्या दिशेला?

परदेशात राहून आलेल्या माणसाला आपल्याकडे हमखास विचारतात, ‘तिकडं सगळं कसं शिस्तीत असेल, नाही?’ असतंच. पण शिस्तीच्या गावातही घरी जायला टॅक्सी मिळेलच, असं नाही.

२०११ साली यांच्या नोकरीनिमित्त आम्ही वर्षभर सिंगापूरला होतो. घर वूडलँड्सला, म्हणजे बेटाच्या उत्तर टोकाला. खाडीपलीकडे मलेशिया. दिवसा रेल्वे, बस यांबद्दल तक्रारीला जागा नाही. मध्यरात्रीच्या सुमारास मात्र रेल्वे बंद होते आणि मग टॅक्सीची आठवण होते. बारानंतर सकाळी सहापर्यंत मीटरवर ५० टक्के जादा आकार. त्यामुळे साडेअकराला टॅक्सीवाले कुठेतरी दडून बसतात, अशी तिथल्या लोकांची जुनी कुरकुर.

संध्याकाळची तऱ्हा वेगळी. तेव्हा एक टॅक्सी बऱ्याचदा दोघांत चालायची. पाळी बदलायच्या वेळी चालक छपरावरच्या पाटीवर आपण निघालो ती दिशा लावायचा. तुमचं घर त्या वाटेवर असेल तर बसा, नाहीतर रांगेत उभे राहा.

एकदा धाकटी तापानं फणफणलेली. दवाखान्यातून बाहेर पडलो तर धो धो पाऊस आणि नेमकी पाळी बदलायची वेळ. रांग अगदी सरळ, कुणी मध्ये घुसत नाही. पण टॅक्सीच थांबत नाही. एकीवर पूर्वेचं नाव, दुसरीवर पश्चिमेचं. पोर खांद्यावर जड होत चाललेली. त्या पाट्यांचा मला इतका संताप आला की आपल्या गावचे रिक्षावाले आठवून गहिवरून आलं!

शेवटी एक म्हातारे चालक थांबले. तिथं त्यांना ‘अंकल’च म्हणतात. त्यांना जायचं होतं पश्चिमेला, जुरोंगला. पोरीकडे पाहून त्यांनी जोडीदाराला फोन लावला, उशीर होईल म्हणून सांगितलं. वाटेत बोलते झाले. गाडी कंपनीची, भाडं रोजचं. गिऱ्हाईक मिळो न मिळो, ते भरायचंच. त्यांचा उशीर म्हणजे जोडीदाराच्या कमाईला कात्री. पहाटेपासून गाडीत बसलेल्या त्या माणसालाही घरीच जायचं होतं. नकारामागचा हिशेब मला तेव्हा कळला.

आजही रात्री बेळगाव स्टेशनबाहेर वडगावचं नाव काढताच ‘बरंगिल्री’ ऐकू येतं. राग येतोच. पण हल्ली मी आधी विचारते, ‘याव कडे होंटीरी?’ कधी उत्तर येतं, ‘शहापूर.’ मग म्हणते, ‘चला, तिथपर्यंत सोडा. पुढं बघू.’ तिथं पोचल्यावर बऱ्याचदा तोच म्हणतो, ‘बसा बाई, सोडतो घरापर्यंत.’