मुंगसाची वहिवाट

पुणे,
वैशाख शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप काकांस,


आपले पत्र पावले. पुराणे आणि देशोदेशींच्या लोककथा यांचा तौलनिक अभ्यास करण्याचे मी योजिले आहे याविषयी आपण संतोष व्यक्त केलात. आणि त्याच ओघात असा प्रश्नही केलात की, पंचतंत्रातील मुंगसाची गोष्ट आपल्याकडून पश्चिमेस गेली हे विद्वानांनी सप्रमाण दाखविलेले असताना, म्हणजे मूळ मालकी आपली ठरून दावा निकालात निघालेला असताना, पुढे अभ्यास तो कशाचा उरतो? उभा जन्म कचेरीच्या दफ्तरखान्यात सनदा, कैफियती आणि फेरफार यांच्यात काढलेल्या आपल्यासारख्या माणसाने हेच विचारावे हे मला स्वाभाविक वाटते, आणि म्हणून उत्तरही आपल्याच परिभाषेत देते. कथेच्या बाबतीत मालकीहक्कापेक्षा वहिवाटीचा अभ्यास मोठा आहे.

मालकीपुरते बोलायचे तर या गोष्टीचे कागद चोख आहेत. सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रू अनुशिरवान याच्या पदरी असलेल्या बुर्झोए नामक वैद्याने या कथा पहलवी भाषेत नेल्या; ते भाषांतर नष्ट झाले, परंतु त्यावरून इब्न अल्-मुकफ्फा याने आठव्या शतकात अरबीत रचलेला ‘कलीला व दिम्ना’ हा ग्रंथ टिकला; अरबीवरून हिब्रू, हिब्रूवरून तेराव्या शतकात कापुआच्या जॉनचे लॅटिन, आणि लॅटिनवरून युरोपातील देशभाषा, अशी ही परंपरा आहे. १८५९ साली थिओडोर बेन्फाय या जर्मन पंडिताने पंचतंत्राच्या आपल्या भाषांतराला जी विस्तीर्ण प्रस्तावना जोडली, तीत या प्रवासाचा माग इतक्या चिकाटीने काढलेला आहे की, पुढील सर्व संशोधकांना तिच्याशी सहमतीने किंवा विरोधाने बोलावेच लागले.

परंतु काका, मालकी ठरली तरी घरात काय घडले हे कळत नाही. पंचतंत्रातली ब्राह्मणी त्या पोरक्या मुंगसाच्या पिलाला स्वतःचे दूध पाजते, तेल लावून चोळते, पोटच्या पोराच्या बरोबरीने वाढविते, आणि तरीही हे जातीचे मुंगूस आहे, एखाद्या दिवशी माझ्या बाळाला इजा करील, ही शंका तिच्या मनातून जात नाही. पाण्याला जाताना ती नवऱ्याला बाळाकडे लक्ष ठेवायला बजावते; तोही भिक्षेसाठी घर सोडतो; साप येतो, मुंगूस त्याचे तुकडे करते, आणि रक्ताने माखलेल्या तोंडाने, केलेली कामगिरी दाखवावी म्हणून, आईला सामोरे धावते. भरलेली घागर तिच्या हातून त्याच्यावर आदळते ती क्षणाच्या अविचाराने, हे खरे. पण तो अविचार त्या घरात पहिल्या दिवसापासून दबा धरून बसला होता, हे कथाकाराने आधीच सांगून ठेवलेले आहे. हितोपदेशात नारायण पंडिताने हीच गोष्ट उज्जयिनीच्या माधव नावाच्या ब्राह्मणाच्या घरी नेली. तेथे पत्नी स्नानाला गेलेली आहे, राजाकडून पार्वणश्राद्धाचे आमंत्रण येते, आपण तत्काळ गेलो नाही तर दुसरा कोणी दक्षिणा घेऊन जाईल या चिंतेने दरिद्री माधव बाळाला मुंगसाच्या हवाली करतो, आणि परतल्यावर त्याच्याच हातून ते मारले जाते. आईच्या शंकेची गोष्ट येथे बापाच्या दारिद्र्याची झाली.

पश्चिमेत, ‘सप्त ज्ञानी’ या नावाने गाजलेल्या कथामालेत, मुंगसाच्या जागी सरदाराचा शिकारी कुत्रा आला. ज्या मुलखात मुंगूस पाहिलेलेच नाही तेथे सापाशी झुंजणारा दुसरा प्राणी हवा, एवढेच कारण देऊन बहुतेक लेखक पुढे जातात. मला ते अपुरे वाटते. मुंगूस अर्धे रानटी, त्याच्याविषयीच्या संशयाला काही आधार तरी आहे. कुत्रा हा इमानाचा पुतळा, त्याच्याविषयी आधी कोणाला शंका नव्हती. म्हणून सरदाराची तलवार जेव्हा त्याच्यावर पडते, तेव्हा तो घरधन्याने निष्ठावंत सेवकाचा केलेला वध ठरतो. आणि अशा वधाचे परिमार्जन पश्चात्तापाच्या चार आसवांनी होत नाही.

ते कसे झाले, याचा एक दाखला तेराव्या शतकातला आहे, आणि तो वाचून मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते. एतिएन द बुर्बों हा डोमिनिकन धर्मोपदेशक फ्रान्समधील लियों शहराच्या उत्तरेस दोम्ब प्रांतात पाखंडाची चौकशी करीत फिरत असता, तेथल्या बायका आपापल्या कबुलीत वारंवार संत गिनफोर याच्या थडग्यापाशी आजारी मुले नेल्याचे सांगू लागल्या. हा संत कोण म्हणून त्याने तपास केला, तेव्हा तो कुत्रा निघाला! एका गढीच्या धन्याने, पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचविणाऱ्या आपल्या कुत्र्याला गैरसमजाने ठार केले, सत्य कळल्यावर त्याला गढीच्या दरवाजापुढील विहिरीत टाकून वर दगडांची रास रचली आणि भोवती झाडे लावली. पुढे गढी ओस पडली, पण आसपासच्या खेड्यांतील आया त्या राईत येतच राहिल्या. त्या मीठ वाहत, बाळाची दुपटी झुडपांवर टांगत, झाडांच्या खोडांत खिळे ठोकीत, आणि उघड्या बाळाला दोन खोडांमधून नऊ वेळा आरपार देत. चौकशी अधिकाऱ्याने कुत्र्याची हाडे उकरून काढविली, राई तोडविली, दोन्ही जाळून टाकविली, आणि तेथे पुन्हा जाणाऱ्याची मालमत्ता जप्त होईल असा हुकूम काढविला. तरीसुद्धा एकोणिसाव्या शतकात, म्हणजे सहाशे वर्षांनंतर, ती उपासना चालू असल्याची नोंद झालेली आहे. वेल्समधील बेडगेलर्ट या गावी लिवेलिन राजाच्या कुत्र्याची म्हणून जी समाधी दाखवितात, तिची गोष्ट मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस एका पथिकाश्रमाच्या चालकाने तेथे चिकटविली असे संशोधक मानतात. तिच्यात माझे मन तितके रमत नाही.

दोम्बच्या त्या आयांना उज्जयिनी ठाऊक नव्हती, पंचतंत्र ठाऊक नव्हते. त्यांना फक्त एवढे ठाऊक होते की, बाळासाठी प्राण देणारा एक जीव येथे अन्यायाने मेला आहे, आणि तो आपल्या बाळाची उपेक्षा करणार नाही. आपल्याकडून गेलेल्या नीतिकथेने परक्या मुलखात दैवत निर्माण केले, ही घटना नुसत्या मालकीच्या निवाड्यात कोठे बसवावी?

येथेच एका मोहापासून मी स्वतःला सावध करीत असते. आपल्या कोकणातही आजारी बाळावरून मीठ-मोहरी उतरतात, झाडाला नवस बोलतात. तेवढ्यावरून ही चालही येथूनच गेली असे म्हणायला जीभ सरसावते. पण गोष्टीला कागद आहेत, मिठाला नाहीत. पुरूरवा आणि उर्वशी यांचे असेच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात त्यांचा संवाद आहे. शतपथ ब्राह्मणात कथा विस्ताराने येते, आणि तेथे विरहाने वेडा झालेला पुरूरवा कुरुक्षेत्री एका कमळांच्या सरोवराशी येतो, तेव्हा उर्वशी सख्यांसह पाणपक्ष्याच्या रूपाने पोहत असते. जपानातील पिसांचे वस्त्र हरवलेली स्वर्गकन्या, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील सीलचे कातडे लपविले गेल्यामुळे मानवाच्या घरी नांदणारी स्त्री, यांच्याशी तिचे साम्य कोणालाही दिसेल. परंतु एकीकडून दुसरीकडे नेणारी वाट कागदोपत्री दाखविता येत नाही, आणि ती आहे असे देशाभिमानाने ठरवून टाकणे हा माझ्या मते उर्वशीवरच अन्याय आहे. कारण तिचे वेगळेपण साम्यात नाही. जपानी कोळी वस्त्र परत देतो आणि नृत्य पाहतो. स्कॉटिश स्त्री कातडे सापडताच समुद्रात जाते. पुरूरव्याला मात्र गंधर्वांकडून अग्नी मिळतो, आणि यज्ञात अरणी घासताना खालच्या अरणीला उर्वशी व वरच्या अरणीला पुरूरवा म्हणण्याचा विधी त्या कथेशी जोडलेला आहे. प्रेमकथेला यज्ञकुंडापर्यंत आणणारी ही वहिवाट केवळ आपलीच आहे.

नोंदीची तारीख ही जन्मतारीख नव्हे, हेही आपणांस नव्याने सांगायला नको. काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे मेणाचे ही कथा तेराव्या शतकातील लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या तोंडी आहे. त्यापूर्वी ती किती पिढ्यांच्या बायकांनी सांगितली याची कोणत्याही दफ्तरात नोंद नाही, आणि ज्यांनी सांगितली त्यांची नावे तर नाहीतच.

म्हणून एक विनंती आहे. आजी मुंगसाची गोष्ट ज्या रीतीने सांगत, ती आपण मला लिहून पाठवावी. पंचतंत्राशी ताडून दुरुस्त करू नये. त्यांचे शब्द आठवतील तसेच ठेवावेत. मारणारी आई होती की बाप, हातात घागर होती की मुसळ, साप कोठून आला, मुंगसाला पुरले की टाकून दिले, गोष्ट कोणत्या वेळी, कोणाला आणि काय काम करता करता सांगत, हे सर्व हवे. आत्याबाईंना वेगळे आठवत असेल तर तेही स्वतंत्र कागदावर, त्यांच्या नावानिशी असावे. दोन्हींचा मेळ घालू नये.

काकूंना साष्टांग नमस्कार. मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली पुतणी