नमुन्याचे नग

१
दाराचं आतलं पॅनेल, पिलरचं कव्हर, एसीच्या जाळीची चौकट. मिळून सगळी ट्रिम. गाडी बाजारात आली की हे लाखांनी लागतं. त्याआधी डिझाइनवाल्यांना हवे असतात दहा-पंधरा नग, तेही परवापर्यंत.

२
स्टीलचा इंजेक्शन मोल्ड: खर्च लाखांत, वेळ आठवड्यांत. भोसरी एमआयडीसीत भाव विचारा, उलट प्रश्न येतो, "नग किती?"

३
सिलिकॉनचा मोल्ड. आधी एक मास्टर, म्हणजे मूळ नमुना, थ्रीडी प्रिंट करायचा. पुटी, प्रायमर, मग पॉलिश पेपर. सिलिकॉन कालवून व्हॅक्यूममध्ये ठेवलं की फेसाळत बादलीच्या काठापर्यंत चढतं आणि एकदम खाली बसतं. हवा गेली. मग ते मास्टरवर ओतायचं, जमू द्यायचं, ब्लेडनं चिरून मास्टर बाहेर काढायचा. चिरताना मुद्दाम नागमोडी चिरतात. दोन्ही अर्धे परत बरोबर जागेवर बसतात, मग आतल्या पोकळीत नग ओतायचे. मास्टरवर बोटाचा ठसा राहिला असेल तर तो प्रत्येक नगावर येतो. वीस-पंचवीस नगांनंतर मोल्ड दमतो.

४
प्लॅटिनमवर जमणाऱ्या सिलिकॉनला गंधक चालत नाही. लॅटेक्सच्या हातमोज्यांनी हाताळलं तरी तेवढा भाग चिकट राहतो. महागडा मोल्ड, स्वस्तातले हातमोजे.

५
सगळ्यांत स्वस्त पीएलए प्लॅस्टिकचा प्रिंट. साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या पुढे जातो. सकाळी बसवलेली चौकट दुपारी तोंड वाकडं करते.

६
मोठ्या पॅनेलसाठी: एमडीएफ कोरून साचा, वर तापवलेली एबीएस प्लॅस्टिकची शीट, खालून व्हॅक्यूम. काम झटपट. फक्त कोपऱ्यात शीट पातळ होते, बोटानं दाबलं की कळतं. क्लिपची जागा नेमकी कोपऱ्यात असते.

७
प्लॅस्टिकची तार वितळवून थरांवर थर देणाऱ्या प्रिंटरचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं. त्यानंतर भाव कोसळले. खर्च कमी करण्याच्या बैठका त्याआधीही होत होत्याच.

८
डेट्रॉइटमध्ये डिझायनर हार्ली अर्लनं मातीच्या गाड्यांची पद्धत रुजवली. ती अजून चालू आहे. मातीवर रंगीत फिल्म ताणली की फोटोत खरी गाडी. दार उघडायला जाऊ नये.

९
मोल्डमध्ये थंड होताना एबीएस आकसतं साधारण अर्धा टक्का, पीपी (पॉलिप्रॉपिलीन) सहज दीड. मीटरभर पॅनेलवर एक सेंटिमीटरचा फरक.

१०
प्रिंटला सिंक मार्क पडत नाहीत. मागची रिब कितीही जाड ठेवा, पुढचा पृष्ठभाग सपाट. मीटिंगमध्ये सगळे खूश. खऱ्या मोल्डमधून पहिला शॉट निघतो तेव्हा रिबच्या बरोबर समोर खळगा. प्रिंटवर तो दिसणार नव्हताच. प्रिंटवरून फिटिंग तेवढं बघायचं होतं. पण सही "पार्ट ओके" वर झालेली असते.

११
अमेरिकेच्या नियमाप्रमाणे गाडीच्या आतलं मटेरियल मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगानं जळता कामा नये. शोरूममधलं गिऱ्हाईक मात्र पॅनेलवर टिचकी मारून बघतं आणि बायकोला म्हणतं, "हलकं वाटतंय गं."