प्राद गांव आणि चेलोचा गज

फ्रान्सच्या दक्षिण टोंकास पेर्पिन्यां शहराहून आगगाडीनें पिरिनीज पर्वताकडे निघालें म्हणजे तासाभराच्या आंत प्राद नांवाचें लहानसें गांव लागतें. मागें कानिगूचें उत्तुंग शिखर, पायांखालीं तांबूस संगमरवराचे पदपथ. परंतु सुज्ञ वाचकांस आम्ही येथें आणलें तें सृष्टिसौंदर्यासाठीं नव्हे.

1939 सालीं स्पेनमध्यें फ्रँकोचा जय झाल्यावर थोर चेलोवादक पाब्लो कासाल्स याच गांवीं आश्रयास आला. (चेलो म्हणजे गुडघ्यांमध्यें धरून गजानें वाजविण्याचें, व्हायोलिनच्या जातीचें, पण खर्जाच्या आवाजाचें चारतारी वाद्य.) फ्रँकोच्या सत्तेस मान्यता देणाऱ्या देशांत जाहीर वादन करावयाचें नाहीं, हा त्याचा नेम. तेव्हां 1950 सालीं बाखच्या निधनास 200 वर्षें झालीं, त्या निमित्तानें दूरदूरचे वादकच येथें आले व सेंट पीटरच्या ख्रिस्तमंदिरांत उत्सव झाला.

त्या मंदिरांतील सोनेरी मुलाम्याची भव्य वेदी पाहत आम्ही उभे असतां एक तरुण बाखच्या पांचव्या सुइटमधील साराबांद घोटीत होता. तींत एकही जोडस्वर नाहीं. एकामागून एक असे उघडे सूर. बाखच्या हातची चेलोसाठींची मूळ प्रत आज उपलब्ध नाहीं. त्याच्या पत्नीनें केलेली नक्कल आहे, पण आवाज कोठें चढवावा, कोठें उतरवावा याच्या खुणा तींत जवळजवळ नाहींतच. पदच्छेद न केलेला श्लोक हातीं यावा तसेंच हें. अन्वय वादकानें लावावयाचा, आणि तो गजानें. एका ओढींत किती सूर घ्यावयाचे, येथेंच वाक्य ठरतें. गज घोडीजवळ सावकाश व भार देऊन ओढला म्हणजे सूर भरीव निघतो. तोच घोडीपासून दूर, हलकेच व वेगानें फिरविला कीं निःश्वासासारखा विरळ होतो. डाव्या हाताच्या बोटाचा कंप ही दुसरी युक्ति. हा तरुण कांहीं सूर मुद्दाम निष्कंप ठेवी, तें आम्हांस फार आवडलें. सुरासुरावर कंप देणारा वादक म्हणजे शब्दाशब्दाला गहिंवरणारा कीर्तनकार!

कासाल्सचा एक आग्रह आपल्या कानांस चटकन् पटेल. षड्जाकडे जाणारा निषाद पियानोच्या ठरीव निषादाहून किंचित् वर, षड्जाला लगटून वाजवावा, असें तो शिकवी. श्रुतींचा विचार करणारांस यांत नवल तें काय?

ह्या सुइटांची छापील प्रत त्याला 1890 सालीं बार्सिलोनांतील एका दुकानांत सांपडली, तेव्हां तो 13 वर्षांचा होता. सभेंत वाजविण्यापूर्वीं सुमारें 12 वर्षें आपण त्या घोटल्या, असें तो सांगे. 1973 सालीं तो पोर्टो रिको बेटांत वारला. फ्रँको 1975 सालीं मेला, आणि 1979 सालीं कासाल्सचा देह त्याच्या जन्मगांवीं, वेंद्रेलला, आणून पुरण्यांत आला.