जाणता आणि स्वकीय : वाङ्मयाच्या शालेय अभ्यासक्रमाची अपेक्षा

अभ्यासक्रमाची पुस्तिका वाङ्मयीन संहिता म्हणून सहसा कोणी वाचत नाही. तथापि विद्यार्थ्याने काय वाचावे, कसे वाचावे आणि वाचल्यानंतर काय लिहावे, याविषयीच्या अपेक्षा जिथे नोंदवलेल्या असतात, तिथे वाचनाची एक उपपत्तीही गृहीत धरलेली असते. वोल्फगांग इझर यांनी कादंबरीच्या संहितेत ‘अभिप्रेत वाचक’ शोधला. तसाच एक वाचक अभ्यासक्रमाच्या संहितेतही वसत असतो. इंग्लंडमधील शालेय इंग्रजी साहित्याचा अभ्यासक्रम मी या दृष्टीने वाचला, त्याचे निमित्त घरगुती होते. माझी भाची तिथे शिकली आणि 2019 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिने जीसीएसई परीक्षा दिली. वाचत गेलो तसा हा प्रश्न मात्र माझ्या स्वतःच्या अध्यापनाचा होत गेला.

या अभ्यासक्रमाचा आशय 2013 च्या अखेरीस तेथील शासनाने जाहीर केला. 2015 पासून त्याचे अध्यापन सुरू झाले आणि 2017 साली पहिली परीक्षा झाली. शेक्सपिअरचे एक नाटक, एकोणिसाव्या शतकातील एक कादंबरी, 1789 नंतरची निवडक कविता, त्यात रोमँटिक कवी आवश्यक, आणि 1914 नंतरचे ब्रिटिश बेटांवरील एक नाटक अथवा कथात्म साहित्य, अशी त्याची मांडणी आहे. कविता किमान 15, कवी किमान 5. शिवाय पूर्वी न वाचलेल्या कवितेवर लिहावयाचे. वर्षभराच्या लेखनाला गुण नाहीत. सारे मूल्यमापन अंतिम परीक्षेत आणि तेही पुस्तक हाती न घेता.

‘ब्रिटिश बेटांवरील’ या शब्दांवरून 2014 साली तिथे बराच वाद झाला, कारण त्यामुळे स्टाइनबेक आणि हार्पर ली यांच्या वर्गावर्गांतून रुळलेल्या अमेरिकन कादंबऱ्या परीक्षेबाहेर गेल्या. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी एक गोष्ट. 2000 नंतरच्या दशकात तेथील एका परीक्षामंडळाच्या संकलनात अन्य संस्कृतींतील कवितांचा स्वतंत्र विभाग होता. त्यात मुंबईचे निसीम इझिकेल होते, ज्यांनी वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. आणि सुजाता भट्ट यांची कविता होती, जिच्यातील गुजराती ओळी गुजराती लिपीतच छापलेल्या होत्या. पंधरा वर्षांच्या इंग्रज मुलासमोर न कळणारी लिपी ठेवणे ही वाचकाकडून केलेली एक मोठी अपेक्षा होती : न कळण्याला सामोरे जाण्याची. गौरी विश्वनाथन यांनी 1989 च्या आपल्या ग्रंथात दाखवले की इंग्रजी साहित्य हा अध्ययनविषय म्हणून वसाहतीत आधी रुजला आणि मायदेशी नंतर प्रतिष्ठित झाला. तिथे विद्यार्थ्याकडून अपेक्षा होती ती घडवले जाण्याची. न कळणारी लिपी समोर ठेवणारी अपेक्षा आणि ही अपेक्षा यांत जे अंतर आहे, तेच वाङ्मयशिक्षणातील खरे अंतर होय.

अभ्यासक्रमाच्या पहिल्याच उद्दिष्टात विद्यार्थ्याकडून जो प्रतिसाद मागितला आहे, तो मराठीत ‘जाणता आणि स्वकीय’ असा सांगता येईल. ही दोन विशेषणे एकत्र नांदणे सोपे नाही. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना 13 कविता कवीचे नाव न सांगता दिल्या आणि त्यांच्या प्रतिसादांची चिकित्सा 1929 साली प्रसिद्ध केली. तेव्हा आढळले ते असे की ज्याला विद्यार्थी स्वतःचा प्रतिसाद समजत होते, तो पुष्कळदा साचेबंद, उसना होता. म्हणजे नुसते स्वकीय असणे पुरेसे नाही. ते स्वकीय आहे की नाही हेच आधी तपासावे लागते. आपल्याकडे अभिनवगुप्ताने सहृदयाचे वर्णन करताना काव्याच्या अनुशीलनाने स्वच्छ झालेल्या मनाच्या आरशाची कल्पना योजली आहे. अनुशीलन आरसा पुसते, त्यावर चित्र काढून ठेवत नाही. ‘जाणता’ या शब्दाचा अर्थ मी असाच घेतो.

भाचीच्या अभ्यासाच्या साहित्यात मात्र आरशावर चित्रे काढलेली होती. पुस्तक हाती नसल्याने अवतरणे पाठ हवीत, म्हणून छोट्या छोट्या चिठ्ठ्यांवर ‘मॅकबेथ’चे दोनदोन, तीनतीन शब्दांचे तुकडे लिहिलेले, प्रत्येकाखाली अलंकाराचे नाव आणि तो कोणत्या उद्दिष्टाला उपयोगी, याची खूण. मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण ही परिच्छेदाची ठरलेली घडण. पाठांतराला माझा विरोध नाही. ज्या भाषेत ओवी आणि अभंग शतकानुशतके कंठात राहिले, त्या भाषेचा अध्यापक तो कसा करील? पण अभंग पाठ असणे म्हणजे त्याची लय अंगी असणे. तुकडा पाठ असणे म्हणजे साक्षीपुरावा खिशात असणे. लेडी मॅकबेथ झोपेत चालते तो प्रवेश तुला कसा वाटला, असे मी विचारले, तेव्हा तिने उलट विचारले, “मामा, कोणत्या उद्दिष्टासाठी सांगू?”

परीक्षा झाल्यावर ती आपणहून बोलली. त्या प्रवेशात तिला अस्वस्थ करून गेले होते ते राणीचे हात नव्हेत, तर बाजूला उभे राहून पाहणारे वैद्य आणि दासी. वैद्य तिचे शब्द टिपून घेतो आणि हा रोग आपल्या विद्येच्या पलीकडचा आहे असेही म्हणतो. ऐकणे एवढेच त्याच्या हाती उरते. हे निरीक्षण कोणत्याही चिठ्ठीवर नव्हते. ते जाणतेही होते आणि स्वकीयही.

येथे साच्याची केवळ निंदा करणे अन्यायाचे होईल. ज्या घरात पुस्तक नाही, त्या घरातील मुलाला तीन पायऱ्यांचा परिच्छेद ही शिडी असते, आणि ती नाकारणारा बहुधा आधीच माडीवर बसलेला असतो. माझ्या पदवीवर्गातील कित्येक विद्यार्थी मार्गदर्शिकेच्या आधारानेच पहिल्यांदा मर्ढेकरांपर्यंत पोहोचतात. प्रश्न शिडीचा नाही. तिच्यावरून उतरून चालू लागण्याची अपेक्षा कोठे नोंदवलेली आहे, हा प्रश्न आहे. गुणदानाच्या कोष्टकात भाषा, रूपबंध, संदर्भ यांना जागा आहे, शुद्धलेखनालाही सुमारे 5 टक्के आहेत; पहिले वाचन दुसऱ्या वाचनाने मोडले, याला जागा नाही.

म्हणून वर्गाच्या पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांकडून काय अपेक्षित आहे हे सांगताना मी आता एकच गोष्ट मागतो : संहितेतील जी जागा कळली नाही ती नेमकी दाखवा आणि ती का अडली ते लिहा. उत्तरापेक्षा हे लिहिणे अवघड असते, कारण त्यासाठी संहिता खरोखर वाचावी लागते. त्याला गुण कसे द्यावेत हे कोष्टकात बसत नाही. तरी मी ते देतो.