मिठाचा पिवळा, सूर्याचा पिवळा

देवगड,
५ ऑगस्ट

चि. सई बाय हिस,


हेलियम दिनाचं भाषण पोचलं. मेहनत दिसते, अक्षरही या वेळी वाचता आलं. पण पहिल्याच वाक्याशी माझी पेन्सिल अडली. तू लिहिलंस, लॉकियर साहेबांनी १८ ऑगस्ट १८६८ ला विजयदुर्गावरून हेलियम शोधला. तुला रागवत नाही गो. मीसुद्धा कितीतरी वर्षं पाहुण्यांना किल्ल्यावरचे ते साहेबाचे कट्टे दाखवून हेच सांगत आले.

आधी परवाची गंमत ऐक. बांगड्याचं तिखलं गॅसवर ठेवून मी तुझं भाषण वाचत बसले. रस उतू गेला आणि निळी ज्योत एकदम पिवळीधमक झाली. "आधी गॅस बारीक कर गो!" आजी आतून ओरडली. मी मात्र ज्योतीकडे बघतच राहिले. तुझ्या भाषणाचा विषय चुलीवर जळत होता.

तो पिवळा मिठातल्या सोडियमचा. अणूला उष्णता मिळाली की त्याचे इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर चढतात आणि उतरताना ती जादाची ऊर्जा प्रकाश म्हणून टाकून देतात. पायऱ्या ठरलेल्या, म्हणून रंगही ठरलेले. तापलेल्या वायूचा प्रकाश लोलकातून पसरवला तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा पडत नाही, सुट्या रेघा दिसतात. सोडियमच्या दोन ठळक पिवळ्या रेघा एकमेकींना चिकटून आहेत, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर.

रात्री बंदराकडे येणाऱ्या तांडेलाला दीपस्तंभाचा मनोरा कुठे दिसतो? तो उजेडाची उघडझाप मोजतो आणि दीपस्तंभ कुठला ते सांगतो. मूलद्रव्यांच्या रेघा तशाच. प्रत्येकाची खूण वेगळी. म्हणून सूर्यावर न जाता सूर्यात काय आहे ते कळतं.

आता १८६८. १८ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणातून पूर्वेकडे आडवा गेला होता. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणमला, आणि त्यातल्या त्यात आपल्या जवळ, पटवर्धनांच्या जमखंडीत, लेफ्टनंट हर्शेल. चंद्राने सूर्य झाकला आणि कडेच्या ज्वाळांच्या प्रकाशात एक पिवळी रेघ दिसली. बहुतेकांना ती सोडियमचीच वाटली. पिवळं म्हणजे सोडियम, हा तेव्हाचा पाठ.

लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हतेच. ते लंडनच्या युद्धखात्यात नोकरी करत आणि आकाश बघायचं ते फावल्या वेळात. त्यांनी मागवलेलं वर्णपटाचं यंत्र ऑक्टोबरात हाती पडलं आणि २० ऑक्टोबरला त्यांनी ग्रहण नसतानाच, इंग्लंडमधूनच, त्या ज्वाळांच्या रेघा पाहिल्या. पिवळी रेघ सोडियमच्या जागी बसेना. ती जराशी बाजूला होती. आज आपण ती ५८७.६ वर मोजतो. फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा, आणि एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख नॅनोमीटर! एवढ्याशा फरकावरून पृथ्वीवर कुणी न पाहिलेल्या मूलद्रव्याचा विचार पुढे आला. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला 'हेलियम' म्हटलं. पुष्कळांना ते पटलं नाही. १८९५ मध्ये विल्यम रॅमझींना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत नेमकी तीच रेघ सापडली, तेव्हा वाद मिटला. सत्तावीस वर्षं गेली मध्ये.

मग आपले कट्टे? लॉकियर विजयदुर्गला आले होते, हे अगदी खरं. पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. तोवर ते 'सर' झाले होते. किल्ल्यात तळ पडला होता, यंत्रं मांडली होती, मदतीला आरमारी जहाजावरचे खलाशी होते. एवढी तयारी सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी. जानेवारी असल्यामुळे आकाशही निरभ्र. ऑगस्टातलं आपलं आकाश कसं असतं ते तुला सांगायला नको.

म्हणजे बघ, माणूस खरा, किल्ला खरा, ग्रहणंही दोन्ही खरी. नुसतं दोन सालांचं एक झालं, जसे दोन पिवळे एक झाले होते. पिवळा दिसला म्हणून सोडियम म्हणून मोकळे झाले असते, तर हेलियम कुणाला सापडला असता? आणि ज्याच्या नावाने दिवस साजरा करायचा, त्याचीच गोष्ट आपण न मोजता सांगायची, हे बरं दिसत नाही.

कुणी म्हणेल, गावाचा मान गेला. मला तसं वाटत नाही. हेलियम ज्याने ओळखला तो माणूस पुन्हा सूर्य बघायला मुद्दाम आपल्या किल्ल्यावर आला, हे काय कमी आहे? पहिलं वाक्य तेवढं बदल. बाकी भाषण छान आहे.

चतुर्थीला येशील तेव्हा एसटीने विजयदुर्गला जाऊ. कट्ट्यावर बसून डबा खाऊ.

तुझीच,
आत्या

ता. क. मिठाचा प्रयोग करशील तर चिमूटभरच टाक आणि आईला शेजारी उभी कर. घरात जुनी सीडी असेल तर अंधारात तिच्यावर त्या ज्योतीचं प्रतिबिंब बघ, मग साध्या दिव्याचं. काय फरक दिसला ते मला विचारू नको, लिहून कळव.